यमुनाताईंचा जुना कीबोर्ड

कस्तुरी पुण्याजवळ भोसरीच्या एका कारखान्यात मशीनचे कंट्रोल पॅनेल बनवायची. २००८ साली तिचा नवरा अनुप कामासाठी लंडनला आला आणि दोघांनी ईलिंगमध्ये बिऱ्हाड थाटलं. अनुपला ऑफिस होतं. कस्तुरीच्या वाट्याला नुसते इंटरव्ह्यू आले. सगळं गोड बोलून झालं की शेवटी तोच प्रश्न, "यूके एक्सपिरियन्स?" हळूहळू तिने अर्ज करणंच सोडलं.

खालच्या फ्लॅटमध्ये यमुनाताई राहायच्या. कौन्सिलमध्ये टायपिस्ट म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. आता डोळ्यांनी दगा दिला होता. पडद्यावरची अक्षरं कॉम्प्युटर वाचून दाखवायचा, पण नव्या सपाट कीबोर्डवर त्यांच्या बोटांना काही लागतच नसे. कपाटात मात्र त्यांचा ऑफिसातला कीबोर्ड होता, पाट्यासारखा जड. ऑफिसने नवे आणले तेव्हा त्यांनी तो मागून घेतला होता.

"एवढा जोडून दे गं," ताई म्हणाल्या. "दुकानदार म्हणतो, फेकून द्या."

कस्तुरीने बाजारातला ॲडॅप्टर लावून पाहिला. कॉम्प्युटर ढिम्म.

"ताई, नुसता प्लग बदलून भागणार नाही. ह्याची भाषाच वेगळी आहे. मध्ये दुभाषी बसवावा लागेल."

"मग बसव की!"

पुण्याहून आणलेली सोल्डरिंग गन बॅगेतून पहिल्यांदाच बाहेर आली. कीबोर्ड कोणते सिग्नल पाठवतो ते तिने एकेक करून ओळखलं, एका छोट्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिला आणि सगळं एका डबीत बसवलं. ताईंनी Y दाबला, आणि कॉम्प्युटर जो "वाय, वाय, वाय" म्हणत सुटला तो थांबेचना.

"माझंच नाव घेतोय, पण अडकलाय मेला!" ताई हसत सुटल्या. कस्तुरीचा चेहरा मात्र पडला.

"ऑनलाइन दुसरा घेऊ या ना," अनुप म्हणाला.

"दुसरा नको. हाच चालवणार."

चूक सापडली तेव्हा ती एकटीच खुदकन हसली. बटण दाबलं की कीबोर्ड सांगत होता, सोडल्याचं मात्र सांगतच नव्हता. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला त्याची गरजच नसावी. चालू होतानाच डबीने कीबोर्डला तेही सांगायचा हुकूम द्यायचा, एवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताई ताठ बसल्या आणि खाडखाड टाइप करू लागल्या. घरासमोरच्या उखडलेल्या फुटपाथबद्दल कौन्सिलला खरमरीत तक्रार! कॉम्प्युटरने ती वाचून दाखवली. एक चूक नव्हती. ताईंनी कस्तुरीचा हात चाचपून घट्ट धरला. "बोटं अजून माझीच आहेत गं," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात कस्तुरीने पुन्हा अर्ज केला, जुन्या मशीन्स चालू ठेवणाऱ्या एका कंपनीत. इंटरव्ह्यूला ती तशीच दुसरी डबी बनवून घेऊन गेली. मॅनेजरबाईंनी ती उघडून बराच वेळ पाहिली.

"हे कुठे केलंत?"

"ईलिंगला. माझ्या किचनमध्ये."

नोकरी लागली. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात यमुनाताई तिचा हात धरून हॉलभर फिरल्या. "ही कस्तुरी. आमची इंजिनिअर," असं प्रत्येकाला सांगत होत्या. कस्तुरीने एकदाही "अहो ताई, पुरे" म्हटलं नाही.