मेजाचा उंबरठा

अण्णाला जाऊन महिना झाल्यावर मी त्याच्या ठाण्याच्या बंगल्यावर गेलो आणि चुकीच्या दाराने, पायांतल्या जोड्यांसकट, थेट देवांपुढे जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षे येऊनजाऊन ही अक्कल!

थोडा दोष बंगल्याचाही आहे म्हणा. टेंभी नाक्यापलीकडे, खाडीकडे तोंड करून, रेल्वेच्या एका साहेबाने तो बांधला. भोवती व्हरांडा, आठ दारे, आठही सारखी; आणि ठाण्याच्या उकाड्यात अंग शेकायला भिंतीत भली मोठी चूल! साहेब विलायतेस परतला, मग एक पारशी शेठ तिथे हवा खायला येऊ लागले. त्यांनी चुलीत बाटल्या ठेवल्या. शेवटी माझा मित्र अण्णा, कोर्टातला वकील, याने बंगला घेतला आणि वहिनींनी बाटल्यांच्या जागी देव मांडले. स्वतःचा पेटारा मात्र त्या उघडीनात.

"उंबरठा नाही ते घर कसलं? धर्मशाळा ही," त्या म्हणत. "मला आपली कल्याणास पाठवा, मोठ्या घरी."

साहेबाचे जेवणाचे शिसवी मेज मागच्या खोलीत धूळ खात होते. अण्णाने सुतार बोलावला, ते कापवले आणि पूर्वेच्या दाराला त्याचा उंबरठा बसवला. वहिनी कडाडल्या, "ज्यावर कोंबड्या कापल्या, त्याला मी हळदकुंकू वाहू?"

"रंधा मारला की लाकडाला जात उरत नाही गं," अण्णा म्हणाला... आणि गप्प बसला. वकील असून गप्प बसला! चारपाच दिवसांनी सकाळी पाहतो तो उंबरठ्यावर रांगोळी. पेटारा उघडला होता. आनंदाच्या भरात मी रांगोळीवरच पाय दिला, ते सोडा.

अण्णा तापाने गेला. त्याला त्याच दाराने बाहेर नेले. त्या दिवशी घराचे दार कोणते, हे कोणाला विचारावे लागले नाही...

आता अण्णाच्या कल्याणच्या थोरल्या भावाने बंगल्याला गिऱ्हाईक आणले होते. वहिनींचे मन वळवायला मला धाडले. मला वाटले, काम सोपे आहे. त्यांना हे घर कधी आवडलेच नाही.

माझे बोलणे त्यांनी आतल्या दाराआडून शेवटपर्यंत ऐकले. पूर्वेचा उंबरठा समोर दिसत होता, कोरडा, रांगोळीवाचून.

"त्याला कुंकू आता मी लावायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण तो ओलांडून जायचं की नाही, ते माझं मी बघेन. मोठ्या भावजींना सांगा, घर विकायचं नाही."

मी घाईने उठलो, जोडे हातात घेतले आणि निघालो तो भलत्याच दाराने न्हाणीघरात. मागून आवाज आला,

"भावजी, आधी स्वतःला या घरातून बाहेर पडायला शिका. मग मला काढायला या."