छज्ज्याची वाकलेली कड

ज्या मैदानाचा छज्जा आम्ही उभा केला, तो पाहायला मला दिल्लीहून नागपूरला जावं लागलं.

झालं असं, की आशियाई खेळ तोंडावर आले तशी ठेकेदारानं आमची पालं उठवली. पाहुणे येणार, रस्त्यावरून पालं दिसायला नकोत, असं मुकादम म्हणाला. आठ महिने मी तिथं सेंट्रिंगवर होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅबच्या खाली फळ्यांचा साचा करायचा, त्याला बल्ल्यांचे, म्हणजे उभ्या वाशांचे, टेके द्यायचे, वर काँक्रीट ओतायचं आणि ते पक्कं झालं की आपलं सगळं लाकूड काढून घ्यायचं. हॉकीच्या मैदानात प्रेक्षकांच्या डोक्यावर जो नवा छज्जा आहे, त्याच्या एका टोकाचं सेंट्रिंग माझ्या हातचं. हे मी घरी पत्रातही कळवलं होतं. त्यात एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. कोपऱ्यापासून तिसऱ्या बल्लीखाली फळी ठेवायची मी विसरलो होतो. जमीन ओली होती, बल्ली रुतली आणि छज्ज्याची कड तेवढ्या जागी खाली बसली. वरून गिलावा झाला. इंजिनियर साहेबांच्याही लक्षात आलं नाही.

आता फरिदाबादला कारखान्याचं काम होतं, पण ते सुरू व्हायला आठ दिवस होते. त्यात आईचं कार्ड आलं. शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं. 'शेठजीनं टीव्ही घेतला. तुह्या दिल्लीचे खेळ इथं दिसतात. सगळे पाहते. बाबा नाही पाहत.'

शेवटची ओळ वाचली आणि तिकीट काढलं.

बाबा नागपूरच्या लकडगंजात शेठजीच्या आरामशीनवर लाकूड चिरतात. आरामशीनला दोन माणसं लागतात. एक ओंडका पुढं लोटतो, दुसरा पलीकडून ओढतो. बाबा लोटायचे, मी ओढायचो. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी भांडण झालं आणि मी अर्धा चिरलेला ओंडका मशीनवर तसाच सोडून स्टेशनवर गेलो. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलले नव्हते. माझ्या पत्रांतला एकही शब्द त्यांनी विचारला नव्हता. मला एवढंच पाहिजे होतं, की हॉकीच्या सामन्याच्या दिवशी त्यांनी पडद्याकडे बघावं आणि म्हणावं, हे माझ्या पोरानं केलं.

सोमवारी संध्याकाळी निघालो. जनरलच्या डब्यात जागा पाहिजे असेल तर तासभर आधी जा आणि वरची फळी धरा. स्वेटर भोपाळपर्यंत काढू नका. इटारसीला पुरी-भाजी घ्या, भाजी पातळ असते पण गरम असते. तिथून पुढे सातपुड्याचे डोंगर लागतात, खिडकी मिळाली तर सोडू नका. मला मिळाली नाही. माझ्यासमोर कामठीला जाणारा एक फौजी होता आणि बाजूला साबणाचा एक विक्रेता. दोघांना हॉकीशिवाय विषय नव्हता.

"गोल्ड पक्का आहे भाऊ," विक्रेता म्हणाला. "हॉकी तर आपल्या घरची."

मी म्हणालो, "त्या स्टेडियमवर मी काम केलं आहे."

"असं? एकट्यानं?" आणि सगळा डबा हसला. फौजी तेवढा हसला नाही. त्यानं मला बिडी दिली.

काटोलपासून फलाटावर संत्र्यांच्या टोपल्या दिसायला लागतात. कळमेश्वरला सिग्नल मिळेना, गाडी बराच वेळ उभी राहिली. नागपूर अर्ध्या तासावर आणि मला वाटायला लागलं, इथंच उतरावं आणि उलटी गाडी धरावी. मग गाडी हलली.

स्टेशनवरून लकडगंजला सायकल रिक्षा करा, भाडं आधीच ठरवून. पत्ता विसरलात तरी चालेल, ओल्या सागाचा वास आला की उतरा.

आईनं दारातच गालावरून हात फिरवला. "आला का गा? केवढा वाळला रे!"

बाबा आत खाटेवर बसले होते. अंगावर भुसा तसाच. माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "त्याले विचार, जेवला का."

"तुमीच विचारा नं. समोर तर उभा हाये तो."

"तू विचार वं."

आईनं विचारलं. मी आईला सांगितलं. रात्रीचं जेवण असंच झालं, माझं बोलणं आईकडून तिकडे आणि त्यांचं आईकडून इकडे.

बुधवारी सकाळी चौकात तर्री-पोहे खाल्ले. दिल्लीत ज्या तिखटासाठी जीव तुटत होता, ते अर्धं तसंच सोडून उठलो. दुपारी आरामशीनवर गेलो. माझ्या जागी आता गुलाब नावाचा माणूस ओढायला असतो.

"या दिल्लीवाले!" तो लांबूनच ओरडला. "तुमचा अर्धा ओंडका आमी चिरला बरं! त्याची मजुरी बाकी हाये तुमच्याकडं."

त्या दिवशी हॉकीचा अंतिम सामना, म्हणून शेठजीनं मशीन दुपारीच बंद करायला लावली. लहानपणापासून त्या अंगणात फिरतो, पण भर दिवसा मशीन बंद पाहिली नव्हती. सागाच्या फळ्यांच्या थप्पीवर टीव्ही ठेवला होता, त्याला झेंडूचा हार. अँटेना एका उंच बल्लीला बांधलेला. शेठजीनं संत्रा बर्फीचे चार डबे आणून गल्ल्यावर ठेवले होते, जिंकल्यावर वाटायला. हमाल, गाडीवाले, शेजारच्या वखारीतले, सगळे ओंडक्यांवर बसले. बाबा आले नाहीत. ते मागं मशीनच्या पात्याला तेल देत उभे राहिले.

पहिला गोल आपला झाला. गुलाबनं फटाक्याची लड लावली, धुरात पडदा दिसेना. एका म्हाताऱ्या गाडीवाल्यानं शेजारच्याला मिठी मारली आणि म्हणाला, "आपले पोरं हायेत गा ते, आपले!" माझ्याही अंगावर काटा आला. त्या मैदानावर मी अनवाणी चाललो होतो.

मग समोरच्यांचा एक गोल झाला. मग दुसरा. तिसऱ्यानंतर बोलणं थांबलं. पाचव्यानंतर पुन्हा सुरू झालं, पण ते बोलणं वेगळं होतं.

"गोलकीपर विकला गेला."

"काहून विकला? फुकटच सोडून राहिला तो!"

"त्याले गावात घेऊ नये."

तासाभरापूर्वी आपला असलेला पोरगा बघता बघता कोणाचाच राहिला नाही. मी खाली भुश्यात बघत बसलो. गुलाबला मी सापडलो.

"तुह्या स्टेडियमचाच पायगुण खराब, दिल्लीवाले! बांधलं तरी काय तू त्याच्यात? का नुसत्याच गप्पा?"

नेमका तेव्हाच पडद्यावर छज्जा आला. कॅमेरा त्याच्यावर थांबला, सातवा गोल झाला होता आणि मैदानात दाखवण्यासारखं काही उरलं नसावं. मी बोट दाखवायला हात उचलला आणि मला ती कड दिसली. एवढ्याशा काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, हाराच्या फुलांच्या वरती, कोपऱ्याजवळ सरळ रेघ खाली वाकलेली. हात तसाच खाली घेतला. म्हणालो, "आता नाही दिसत."

मागून बाबा आले. माणसांच्या मधून वाट काढत थप्पीपर्यंत गेले, वाकले, पडद्याला नाक लागेल इतके जवळ. चाळीस वर्षं सुताच्या सरळ रेघेवर लाकूड चिरणारा माणूस. त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

"ही कड वाकली हाये. टेका बसला इथं. खाली फळी नाई ठेवली." मग वळून गुलाबला म्हणाले, "हे बांधलं त्यानं. हे आमचं."

कोणी हसलं नाही. गुलाबनं वेळ मारून नेण्यासाठी पुन्हा गोलकीपरला एक शिवी घातली.

"तोंड आवर गा," बाबा म्हणाले. "त्या पोराचाही बाप कुठंतरी बसून पाहून राहिला असन."

मग ते हात पुसत मशीनकडे गेले. शेठजीनं टीव्ही बंद केला. बर्फीचे डबे कोणी उघडले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत. घरी जाताना बाबा चार पावलं पुढं चालत होते. मी त्यांना गाठायचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी निरोप घ्यायला आरामशीनवर गेलो. गुलाब आला नव्हता, लाज वाटली असेल किंवा ताप असेल. बाबा एका ओंडक्यावर खडूनं रेघ मारत होते.

"गाडी किती वाजता?" त्यांनी विचारलं. मलाच विचारलं.

"तीनला."

"मंग हा एक ओढून जाय."

मी पलीकडे उभा राहिलो. पातं सुरू झालं. त्या आवाजात बोलता येत नाही, आणि तेच बरं होतं. ओंडका शेवटपर्यंत चिरला. दोन्ही फाका त्यांनी उभ्या करून एक डोळा मिटून बघितल्या आणि मान हलवली. आईनं दिलेली भाकरी घेऊन मी स्टेशनवर गेलो.

परतीच्या गाडीत कोणाच्या तरी हातात पेपर होता. मला सावकाश वाचता येतं, पण मथळे जमतात. मुलींच्या हॉकीत आपल्याला सोनं मिळालं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एक जण "अच्छा?" म्हणाला आणि पुन्हा गोलकीपरवर गेला. इटारसीपर्यंत त्या पोराला शिव्या बसत होत्या.

फरिदाबादला आलो त्याला आता महिना झाला. कारखान्याचा पाया झाला, आता स्लॅबचं काम. नागपूरला जाणाऱ्यांनी पोहे खावेत, संत्री घ्यावीत, लकडगंजात एकदा सागाचा वास घ्यावा, एवढं सांगता येईल. बाकी ज्याचं त्यानं पाहावं. माझ्या स्वेटरमधला भुसा झटकला तरी जात नाही. एका रविवारी दिल्लीला त्या मैदानावर गेलो होतो. पहारेकऱ्याला म्हणालो, आत माझं काम आहे. तो म्हणाला, "काम तो खतम हो गया." रस्त्यावरून ती कड दिसत नाही.

काल आईचं कार्ड आलं. थंडी आहे, शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं, आता पत्र कोण लिहून देणार, वगैरे. तळाशी, जागा संपता संपता, एक ओळ होती.

'बाबा विचारते, आता काय बांधून राहिला.'