घर दाखवणारी

तळ्याकाठच्या त्या उपनगरात तिला सगळे तंबूवाली म्हणत. डोंगर चढायला येणाऱ्यांचे फाटके तंबू आणि उसवलेल्या सॅक ती आपल्या भाड्याच्या खोलीत शिवून द्यायची. वरच्या मजल्यावरची घरमालकीण तिला "माझी पाठची बहीण" म्हणायची आणि ही खुळी तेवढ्यावर विरघळायची.

एका सकाळी मालकिणीने वरूनच हाक मारली, "अगं, माझे पाहुणे आलेत. त्यांना जरा घर दाखव ना. तुझ्याइतकं कौतुकाने कोण सांगणार?"

मग काय, बाई हरखलीच! मागच्या दारापासून तळ्यापर्यंत स्वतः दगड लावून केलेली पायवाट तिने मिरवत दाखवली. पाहुणीने भिंतीला ओल येते का विचारलं, तर "छे हो, काहीतरीच!" म्हणून घराची बाजूसुद्धा घेतली.

पाहुण्याने तिच्या खोलीतल्या खिडकीखालचा कोपरा निरखला. "आमच्या सायकली इथे मावतील. तुमचं हे शिलाई मशीन कधी हलवताय?"

ती तडक अंगणात आली आणि तिने वर पाहिलं. खिडकीत उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीने झटकन पडदा ओढून घेतला. तोही हिनेच शिवलेला, मायेपोटी, फुकट.