नऊ नंबरची झडप

आमच्या मोठ्या भाऊजींच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ असायचं. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांना स्वयंपाकघराच्या दारात वीतभर दोरा चिमटीत धरून उभं असलेलं पाहिलं. मला वाटलं बटण तुटलं असेल, म्हणून सुई शोधून आणून दिली. जाऊबाई हसता हसता खालीच बसल्या. भाऊजी मात्र गंभीरपणे म्हणाले, शिवायचं काही नाही, वारा कुठून येतो ते बघतोय. दोरा दाराकडून खिडकीकडे झुकत होता. संध्याकाळी त्यांनी शेगडी दोन हात सरकवून ठेवली आणि त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत धूर जायचा थांबला.

भाऊजी पत्र्याचं काम करत. लोखंड ओतायच्या कारखान्यात धूळ ओढून नेणाऱ्या नळ्या त्यांनीच घडवलेल्या, त्यांनीच टांगलेल्या. कारखान्यात त्यांना सगळे हवामास्तर म्हणत. हे नाव आमच्या यांनीच पाडलेलं. "आमचा दादा हवा विकत नाही, वाटतो," असं हे चारचौघांत सांगायचे.

हे भाऊजींपेक्षा आठ वर्षांनी लहान. सासरे लवकर गेले, तेव्हा भाऊजींनीच यांना शाळेत घातलं आणि पुढे कारखान्यात लावून दिलं. यांचं काम घासाईचं. साच्यातून निघालेल्या मालाला जळकी वाळू चिकटलेली असते, ती फिरत्या दगडावर घासून काढायची. नऊ टेबलं, नऊ माणसं. प्रत्येकाच्या समोर धूळ ओढून घेणारं पत्र्याचं एक तोंड. त्या नऊ तोंडांच्या नऊ नळ्या वर जाऊन एका मोठ्या नळाला मिळायच्या आणि तो नळ भिंतीबाहेरच्या ब्लोअरला. हे नऊ नंबरवर, म्हणजे ब्लोअरपासून सगळ्यांत लांब.

भाऊजी सांगायचे, जी धूळ दिसते ती नाकात अडकते, शिंकरली की गेली. जी दिसत नाही ती आत जाऊन बसते आणि परत येत नाही.

मला त्यांचं काम कळलं ते आमच्या इमारतीच्या नळामुळे. खालच्या मजल्यावर कुणी नळ पूर्ण सोडला की वर आमच्याकडे नुसतं फुसफुसायचं. भाऊजी म्हणाले, हवेचंही तसंच. ब्लोअर ओढेल तेवढीच हवा, त्यातच नऊ जणांचं भागवायचं. जवळचा जास्त ओढणार, लांबचा उपाशी राहणार. म्हणून प्रत्येक नळीत एक झडप. जवळच्यांची थोडी मिटायची, लांबच्यांची उघडी ठेवायची. पण एक हलवली की बाकी आठ बिघडतात, मग पुन्हा पहिल्यापासून. लागोपाठ तीन रविवार ते सकाळी जात आणि दोरा घेऊन या तोंडापासून त्या तोंडापर्यंत फिरत. नऊच्या नऊ ठिकाणी दोरा सारखा झुकला तेव्हा घरी आले आणि पोटभर जेवले.

सोमवारी दुपारपर्यंत तीन जणांनी आपापली झडप पूर्ण उघडून ठेवलेली. माणूस तो, जवळ आहे ते जास्त घ्यावंसं वाटणारच. भाऊजी कुणाला बोलले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा सगळं जुळवलं आणि प्रत्येक झडप रिबीट मारून पक्की केली. त्यावर कुणीतरी टोमणा मारला, हवामास्तरांनी भावाची तेवढी मोकळी सोडली असेल. भाऊजींनी त्याला हाताला धरून नऊ नंबरसमोर नेलं, त्याच्याच हातात दोरा दिला आणि मग त्याच्या टेबलासमोर नेलं. माणूस ओशाळला. पण तो टोमणा भाऊजींच्या मनातून गेला नाही. तेव्हा आम्हाला ते कळलं नाही.

लग्नाच्या चौथ्या वर्षी कारखान्याला मोठं काम मिळालं आणि ब्लोअरला खेटून आणखी दोन टेबलं बसवली. नऊची हवा अकरांत. भाऊजींनी साहेबांना सांगितलं, मोठा ब्लोअर लागेल. साहेब म्हणाले, मागवलाय, दोन महिन्यांत येतो, तोवर तुम्ही जुळवून द्या, तुम्हाला काय अवघड आहे.

त्या रविवारी भाऊजी दुपारीच परत आले. जेवले नाहीत. सगळ्यांची थोडी थोडी कमी करून पाहिली होती. तर एकाही तोंडाला धूळ ओढली जाईना आणि मोठ्या नळात ती तळाशी बसायला लागली. म्हणजे अकराच्या अकरा माणसं धुळीत. एक झडप मिटली तर मात्र दहांचं भागत होतं. हे सगळं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. मी भाजी निवडत होते. हे दाराशी बसून चपलेचा अंगठा शिवत होते.

"नऊ मिटतोय," भाऊजी म्हणाले. "दुसऱ्या कुणाची मिटली तर म्हणतील, भावाची राखली."

हे हसले. "बरं झालं. नाहीतरी त्या तोंडाचा घोंघाट फार होता."

"दोनच महिने. फडकं बांधत जा."

"बांधीन रे दादा. तू जेव आधी."

बोलल्या त्या एकट्या जाऊबाई. दुसऱ्याची नको आणि घरची का, असं त्यांनी विचारलं. कुणाचीच मिटणार नाही म्हणून सांगा की साहेबांना. भाऊजी म्हणाले, मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी येऊन कशीही मिटेल, मला निदान समजतं तरी. जाऊबाई म्हणाल्या, मग समजून उमजून करताय. आणि आत निघून गेल्या.

मला मात्र त्या वेळी अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी शेजारणीला मीच सांगितलं की आमचे भाऊजी किती सरळ, स्वतःच्या भावालाही सूट देत नाहीत.

दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष. ब्लोअर वाटेवर आहे, असं साहेब सांगायचे. हे म्हणायचे, पायी येत असेल. नाकावर बांधायचं फडकं मी रोज धुवायची. पहिलं पाणी राखेसारखं, दुसरं पाणी राखेसारखं, तिसऱ्याला जरा तळ दिसायचा. उशीच्या अभ्र्यावर कानाच्या जागी करडा डाग पडायचा. दुसऱ्या पावसाळ्यात खोकला लागला तो थंडीतही राहिला. मी देवापुढे हात जोडून रोज एकच मागायची, तो ब्लोअर येऊ दे. देवाकडे काय मागावं हेसुद्धा मला कळलं नाही. यांना तिथून उठव, एवढं मागायला हवं होतं.

जिना चढताना हे आधी एकदा थांबायचे, मग दोनदा, मग प्रत्येक पायरीवर. थांबले की चेष्टा करायचे, "पायऱ्या मोजतोय, एखादी कमी झाली की काय." डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? मी सांगितलं. पुढचं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आत जी धूळ बसली आहे ती निघत नाही, त्यावर औषध नाही, आता फक्त त्रास कमी करायचा.

त्या आठवड्यात भाऊजींनी नऊ नंबरची नळी उतरवली. झडप मिटताना त्यांनी दोन बोटं फट ठेवली होती, तेवढी तरी हवा यांना लागेल या हिशेबानं. पण एवढ्याशा हवेला धूळ पुढे ढकलता आली नाही. नळी आतून गच्च भरून दगड झाली होती. ते दोन बोटांचं दानही यांना कधीच बंद झालं होतं. हे त्यांनी जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी मला.

हे घरी बसले तेव्हा खात्याचे मुकादम भेटायला आले. चहा घेऊन निघाले, मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथे ते घुटमळले. म्हणाले, "वहिनी, झडप मिटली त्या पहिल्याच वर्षी मी म्हटलं होतं, याला पॅकिंगला घेतो. तिथे धूळ नाही. हवामास्तर म्हणाले, माझा भाऊ म्हणून नको, नंबर लागेल तेव्हा घ्या."

मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. मुकादम खाली गेले तरी तशीच. झडप मिटली तेव्हा निदान दुसरा इलाज नव्हता, असं मी धरून चालले होते. इथे तर इलाज आपल्या पायांनी चालत आला होता आणि त्याला दारातूनच परत पाठवलं होतं, कुणी काही म्हणू नये एवढ्यासाठी.

भाऊजी कामावरून आल्यावर मी त्यांना गॅलरीत गाठलं. लग्नापासून मी त्यांच्याशी मान वर करून बोलले नव्हते.

"मुकादमांनी पॅकिंगचं विचारलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

मी वाट पाहिली. ते काहीतरी सांगतील, निदान चुकलो म्हणतील. ते दोरीवर वाळत घातलेल्या फडक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस. सांगायचं तर मीच सांगेन."

त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आपल्या दादाकडे दुसरा मार्गच नव्हता हे यांनी पक्कं धरलं होतं, आणि आधीच जेमतेम श्वास घेणाऱ्या माणसाकडून तेवढं तरी काढून घेणं मला जमलं नाही. मी गप्प राहिले ते भाऊजींसाठी नाही.

यांना आडवं होता येत नव्हतं. तीन उशा लावून, पुढे पाटावर हात टेकून बसलेले असायचे. मोठा ब्लोअर आला तो हे घरी बसल्यावर आठव्या महिन्यात. भाऊजींनी दोन रविवार घालून अकरा टेबलं जुळवली, रिबिटा मारल्या. घरी आले तेव्हा यांनी थांबत थांबत विचारलं, "माझ्या नऊला लागली का रे हवा?"

"लागली."

"चला. माझ्यासाठी नाही तर नाही, टेबलासाठी तरी आली." आणि हसले, मग बराच वेळ खोकले.

गेले ते एका सकाळी, ऊन खोलीत आल्यावर. मी पाणी आणायला गेले होते. परत आले तर मान पाटावर टेकलेली. मी हाक मारली, भाऊजी धावत आले. त्यांनी यांना मागे उशीवर टेकवलं, खिशातून रीळ काढलं, वीतभर दोरा तोडला आणि नाकासमोर धरला. दोरा हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. आम्ही दोघी जावा त्या दोऱ्याकडे बघत होतो. तो सरळ लोंबत राहिला. किती वेळ धरला होता सांगता येत नाही. शेवटी जाऊबाईंनीच तो त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला.

त्यानंतर आम्ही एकाच घरात राहिलो, पण मी त्यांच्याशी बोलत नव्हते. ताट वाढायची, पाणी ठेवायची. काही सांगायचं असलं तर जाऊबाईंमार्फत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. रोज देवापुढे बसले की सगळ्यांसाठी मागून व्हायचं आणि त्यांच्यापाशी येऊन माझी जीभ अडायची. मी तशीच उठायची.

पाचेक महिन्यांनी आठ नंबरवर काम करणारा माणूस यांच्या कारखान्यातल्या कपाटातला डबा आणि चष्मा द्यायला घरी आला. वयानं यांच्याएवढाच. बसल्या बसल्या दोनदा खोकला, आणि तो खोकला माझ्या ओळखीचा होता. भाऊजी घरात नव्हते. मी विचारलं, नवीन ब्लोअर आला ना आता? तो जरा अवघडला. मग म्हणाला, नऊ नंबरला एवढी ओढ आहे की तिथल्या माणसाचा रुमाल आत गेला. त्याच्या शेजारी माझ्याकडे मात्र धूळ तोंडासमोर तरंगत राहते. हवामास्तरांना दोनदा सांगितलं. ते म्हणतात, राहू दे. आणि झडपा रिबीट मारलेल्या.

तो गेल्यावर मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. आयुष्यभर दोऱ्याइतका सरळ वागलेला माणूस आता एका रिकाम्या झालेल्या जागेला वाट्यापेक्षा जास्त हवा देत होता. तिथे दुसराच कुणी उभा होता, पण भाऊजी देत होते ती आपल्या भावालाच. मला त्यांचा राग आला, तसं रडूही आलं. त्यांना तसंच सोडून द्यावं, असंही मनात आलं. पण तो खोकला कानात होता.

संध्याकाळी ते जेवायला बसले. ताट मीच वाढलं आणि जाऊबाईंकडे न बघता थेट त्यांनाच म्हणाले, "आठ नंबरवरही कुणाचा तरी भाऊ उभा आहे, भाऊजी."

त्यांचा घास हातातच राहिला. एवढ्या महिन्यांनी मी त्यांना हाक मारली होती. मी आणखी भाजी वाढली, त्यांनी नको म्हटलं नाही.

रविवारी सकाळी ते छिन्नी, हातोडी आणि रिबिटांची पुडी पिशवीत घालून निघाले. दाराशी थांबून खिसा चाचपला. रीळ हे गेले त्या दिवसापासून देवाच्या फळीवर पडून होतं, जाऊबाईंनी ठेवलेलं. मी ते आणून त्यांच्या हातात दिलं.

परत आले ते उन्हं कलल्यावर. कोपरापर्यंत धूळ. पायऱ्या चढून आल्यावर दारातच टेकले.

"जुळलं," एवढंच म्हणाले.

मी त्यांना हात धुवायला पाणी दिलं. पहिलं पाणी राखेसारखं आलं. मी दुसरा तांब्या भरून आणला.