पडू न देणारं लाकूड

बेडशाच्या गेणूआबांची नात माधवी नऊ वर्षांची असताना भातखाचराच्या बांधावरून चालत नसे, पळत असे. आणि पळता पळता मध्येच हातांवर उलटी होऊन पुन्हा पायांवर येत असे. बांध तो केवढा, वीतभर, त्यावर शेवाळ. तिची आजी बयाबाई लावणीत वाकलेली असायची, तिथूनच ओरडायची, "अगं ए माकडे, रोपं तुडवशील!" एक रोप तुडवलं असेल तर शपथ. कामशेतच्या शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी एकदा रस्त्यावरून हा तमाशा पाहिला, मोटारसायकल बाजूला लावली, आणि पुढच्याच महिन्यात पोरगी लोणावळ्याला प्रदीप सरांच्या हॉलमध्ये जिम्नॅस्टिक्स शिकायला लागली.

तिथं बीम नावाचा प्रकार असतो. छातीइतक्या उंचीवर सोळा फूट लांब पट्टी, रुंदीला तळहाताएवढी. तिच्यावर चालायचं, उड्या मारायच्या, उलट्या गिरक्या घ्यायच्या. पडलं की एक गुण गेला, आणि दहा सेकंदांत पुन्हा वर चढायचं. हॉलमध्ये बीम एक आणि पोरी बावीस. माधवीच्या वाट्याला दिवसाची दहा मिनिटं यायची.

"लाकूडच पायजे ना?" आबा म्हणाले. "त्यात काय!"

त्या आषाढात वाघजाईच्या राईतलं ऐनाचं एक जुनं झाड वाऱ्यानं आडवं झालं होतं. आता राईतलं लाकूड म्हणजे देवीचं. पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही, तिथंच कुजू देतात. अगदीच नड असेल तर कौल मागायचा. देवीच्या दगडाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आबांनी सकाळी कळ्या लावल्या आणि समोर बसले. दुपार झाली तरी एक कळी हलेना. पोटात कावळे ओरडायला लागले तसे आबा उठले, हात जोडले. "न्हाई तर म्हनली न्हाईस," असं देवीलाच सांगून सुताराला घेऊन आले.

रिकाम्या गोठ्यात बीम उभा राहिला, खाली पेंढा अंथरला. पहिल्या दिवशी माधवी सकाळी वर चढली ती जेवायलाच उतरली. पडली नाही. आठवड्यात नाही, महिन्यात नाही, पाच वर्षांत एकदासुद्धा नाही.

हॉलच्या बीमवरून मात्र चारचौघींसारखी धपाधप पडायची. कुणाला आवडतं पडायला? हळूहळू तिनं तिथं चढणंच सोडलं. "सर, बीम मी घरी करते," म्हणायची आणि मोबाईलवर व्हिडिओ पाठवायची. व्हिडिओत सगळं अचूक. सर खूश.

मग राज्य स्पर्धा आली. दुसऱ्याच उडीला पाय निसटला आणि माधवी गादीवर बसली ती बसलीच. दहा सेकंद संपले. ती आपल्याच पायांकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचे असावेत तशी. संघात घ्यायच्या होत्या सहा जणी, ती आली अकरावी.

सरांनी तिला समोर बसवलं. "पहिल्या बारा जणींची दोन महिन्यांनी शेवटची निवड आहे. तेव्हाही असंच बसून राहिलीस तर राष्ट्रीय स्पर्धा विसरायची. आणि आता हे बघ."

तिनंच पाठवलेला व्हिडिओ त्यांनी अगदी संथ गतीनं लावला. उलटी उडी घेऊन माधवी खाली येत होती. डावं पाऊल लाकडावर नव्हतंच, अख्खं बाहेर होतं. आणि तिथं, हवेवर, ते टेकलं होतं. टाच दबलेली, बोटं पसरलेली.

"हे काय आहे, माधवी?"

"माहीत नाही, सर."

सरांनी मोबाईल पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं थेट गोठ्यात शिरलं होतं. माधवीनं तळपायांना पांढरी पावडर चोळली आणि बीमवर चढली. आज पडायचंच, असं ठरवून. कडेला उभी राहिली, डोळे मिटले, अंग बाहेर झोकलं.

अंग गेलं नाही. बांधावर डुगडुगणाऱ्या लहानग्याला सावरावं तसं तिला कुणीतरी हलकेच सरळ केलं. तिनं पुन्हा झोकलं. पुन्हा सरळ.

तिनं खाली पाहिलं. लाकडावर तिची पांढरी पावलं उमटली होती. आणि प्रत्येक पावलाला लागून आणखी एक, इवलंसं. चार-पाच वर्षांच्या पोराचं असावं तेवढं.

ती ओरडली नाही. अलगद उतरली आणि आबांना हाताला धरून घेऊन आली. आबांनी पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली.

"लाकूड न्हवतं गं ह्ये. कुनाची तरी खेळायची जागा उचलून आनली मी."

"मग आता?"

"पोचवायची. कौल लावला त्या दिशी भूक लागलती, न्हाईतर बसलो असतो अजून."

"भाकरी बांधून देत व्हते की मी!" दारातून बयाबाई म्हणाली. "तर म्हनं, आत्ता येतो!"

खांद्यांवर बीम, पुढं माधवी, मागं आबा. ऐनाचं लाकूड, वजनाला दांडगं. वाटेत चार ठिकाणी टेकावं लागणार असं धरून चालले होते. धुक्यात एकाला दुसरा दिसत नव्हता.

"आबा, लय हलकं लागतंय."

"मला बी. बोलू नगंस. चाल."

कुठंही टेकावं लागलं नाही. राईत पाल्यावर लाकूड ठेवलं, आबांनी दगडाला कळ्या लावल्या, आणि हात मागं घ्यायच्या आत उजवी कळी पडली.

पुढचे दोन महिने माधवी हॉलच्या बीमवरून पडत होती. दिवसाला चाळीस वेळा. नडग्या काळ्यानिळ्या. ती पडली की सर दहापर्यंत मोजायला लागत. आधी नवाला वर चढायची, मग सातला, मग चारला. निवडीच्या दिवशीही ती पडली, एकदाच. चारला वर होती, आणि नंतरचं सगळं तिनं दात आवळून पुरं केलं. सहावी आली. संघातली शेवटची जागा, पण जागा!

गावी आली ती आधी राईत गेली. भर दुपारीही तिथं उजेड हिरवा असतो. लाकडावर शेवाळ धरलं होतं. माधवी वर चढली, दोन पावलं टाकली आणि सट्कन पाल्यात बसली. एकटीच मोठ्यानं हसली.

पाला स्थिरावला. मग हातभर अंतरावर तो पुन्हा दबला. काहीतरी लहानसं, हलकं, तिथं येऊन पडल्यासारखा.

माधवी उठली नाही.

"लागलं का रं?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "चढ वर. दहा सेकंद असतात. एक... दोन... तीन..."

चारला शेवाळावर एक इवलंसं पाऊल उमटलं.