प्रतिसादक क्रमांक सात कोण?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली त्या सरांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून जमतंय — की तसंही नाही? जाऊ द्या. सुरुवात केली आहे तर पुरं सांगते.

मी यवतमाळला एका कॉलेजात शिकवते. संशोधनाचा विषय होता, बायकांनी चालवलेल्या संस्थेत निर्णय कसे होतात. त्यासाठी बोरी अरबकडची एक डाळ मिल निवडली. आसपासच्या गावांतल्या बचतगटांनी मिळून उभी केलेली. अध्यक्ष बाई, संचालक बाया, डाळ निवडणाऱ्याही बायाच. नावं मी बदलली आहेत — आता बदलून काय उपयोग, ते पुढे कळेलच.

आकड्यांचं संशोधन मला यायचं. प्रश्नावली वाटा, खुणा मोजा, तक्ता काढा. सर म्हणाले, "निर्णय कसा होतो ते खुणांतून कळत नाही. जाऊन बस, पाहा, त्यांना बोलू दे." किती सोपं वाटलं होतं! दारव्ह्यापर्यंत बस, पुढे जीपमध्ये अर्ध्या सीटवर, आणि मिलमध्ये पोचल्यावर काय मिळायचं?

"मिटिंग होते का?" — "होते."

"तुम्ही बोलता का मिटिंगमध्ये?" — "बोलतो ना. सारं चांगलं हाय, मॅडम."

झालं. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकत शब्द न शब्द उतरवून काढायचा, तर निम्म्याहून जास्त आवाज माझाच. सर लाल पेनानं लिहायचे — "ती गप्प होती. तू मध्ये का बोललीस?" पुढच्या वेळी मी गप्प बसले, तर समोरची बाईही गप्प बसली. दोघी डाळीच्या ढिगाकडे पाहत राहिलो. हे शिकवणारं पुस्तक होतं माझ्याकडे, त्यातल्या मुलाखतींत लोक घडाघडा बोलायचे. कुठली माणसं ती? दोन वर्षं अशी गेली. माझ्यामागून नाव नोंदवलेले पुढे निघून गेले, आणि मी आपली "वरवरचं आहे, खोली नाही" हा शेरा वाचत बसलेली.

कांताबाईंचा राग मला त्याच काळात आला. मिल सुरू झाल्यापासून निवडणीवर असलेल्या दोनच बाया होत्या, एक त्या आणि एक शोभाताई. दोघींची मुलाखत हवीच होती. कांताबाईंनी मला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तर मी कॉलेजातून रजा काढून गेले होते. डाळीवरची नजर न उचलता म्हणाल्या, "मले नाही बोलाचं, मॅडम. तुमी लिहून चालल्या जासान. आमाले इथंच राहाचं हाय."

मला ते उद्धट वाटलं. खरंच वाटलं.

शोभाताई मात्र बोलल्या. त्यांच्या घरी, मागच्या अंगणात, भांडी घासता घासता. "मिटिंग कुठची, मॅडम? रजिस्टर येते घरी. ठराव आधीच लिहेल असते, आमी सह्या करतो. अन् जिनं विचारलं, तिले दुसऱ्या हप्त्यात कामाचा निरोपच नाही येत." नाव कुठेही येणार नाही, असं मी त्यांना दोनदा सांगितलं, संमतीपत्रावर सही घेतली. सरांनी ती मुलाखत वाचली आणि पहिल्यांदाच लिहिलं — "आता आलं."

मग सर म्हणाले, जे सापडलंय ते संस्थेला दाखव, त्यांनाही पटतं का बघ. पद्धतच आहे तशी. मी मिलच्या ऑफिसात संचालक बायांसमोर बोलले. शोभाताईंचं वाक्य प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवलं, खाली नाव नाही, "प्रतिसादक क्रमांक सात." पण पुढे मी लिहिलं होतं — "मिल सुरू झाल्यापासून निवडणीवर." कशाला लिहिलं? वाक्याला वजन यावं म्हणून. बाकी काही कारण नव्हतं.

चहा झाल्यावर अध्यक्षबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज गोडच होता. "सुरुवातीपासून दोघीच हायेत. शोभा अन् कांता. कोन बोलली?"

सांगता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. शोभाताईंच्या अजून दोन मुलाखती बाकी होत्या. त्या तुटल्या तर माझा प्रबंधच तुटत होता. आणि कांताबाई — त्या मला काय कामाच्या होत्या?

मी म्हणाले, "कांताबाईंकडे मी तीनदा आले होते, तुम्ही पाहिलंच आहे."

वाक्य खरं होतं. शब्दानं खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! पण मी खोटंच बोलले. एका बाईला वाचवायचं म्हणून नाही, माझी मुलाखत वाचवायची म्हणून, आणि जिनं तोंड उघडलं नव्हतं तिच्या नावावर.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "वाटलंच होतं."

पुढच्या मुलाखतीत शोभाताईंनीच सांगितलं, "कांताले बोलावतच नाही आता. काहून, काय मालूम!" रेकॉर्डर चालू होता. आणि मी काय केलं? ते वाक्यही उतरवून घेतलं. 'प्रश्न विचारणाऱ्यांना वगळणे' या प्रकरणात उदाहरण म्हणून घातलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उचललं आणि म्हणाले, इथे संस्था आतून दिसते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. नैतिक काळजी कशी घेतली, यावर त्याच प्रबंधात माझी चार पानं आहेत.

त्यानंतर एकदा कांताबाई दारव्ह्याच्या बाजारात भेटल्या. त्यांनीच हाक मारली. मिलचं काम सुटल्यापासून कापूस वेचायला जात होत्या, बोटं चिरली होती. रागावलेल्या नव्हत्या, हे मला फार जड गेलं. म्हणाल्या, "मॅडम, मी तं तुमच्यासंग बोललीच नव्हती ना? अध्यक्षबाईले वाटते मीच बोलली. तुमी एकडाव सांगून द्या ना."

"सांगते," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला, पिशवीतून मूठभर हिरव्या मिरच्या काढून दिल्या आणि गर्दीत गेल्या.

अध्यक्षबाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी अजून सांगितलेलं नाही.