आमच्याच मेंढरांनी पेरलेली बाभूळ

माळ आठवला की मला आधी राग येतो, मग रडू. राग कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा आबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर निघायचा.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. खाली ऊस, वर माळ. आम्ही मेंढरंवाले, ऊस लोकांचा आणि माळ आमचा, अशी सरळ वाटणी होती. दिवाळीच्या सुमाराला तिथं पवन्या गवत माझ्या कमरेला लागायचं. वारा सुटला की सगळा माळ एका अंगावर कलायचा. झाड म्हणाल तर एक खुरटी बोर. कुठंही उभं राहा, आपली सगळी मेंढरं एका नजरेत दिसायची. एवढं मोकळं मी परत कुठं पाहिलं नाही.

एका दुष्काळी साली गवत उगवलंच नाही. कालव्याच्या कडेची वेडी बाभूळ मात्र शेंगांनी लगडलेली. आबांनी पोती भरली, मी डोक्यावरून वाहिली, आणि माळावर रोज मेंढरं बसायची तिथं ओतली. गोड शेंगा त्या, मेंढरं तुटून पडली. बाकीच्यांचे कळप रोडावले आणि आमची कोकरं टम्म! आबा मिशीला पीळ देत गावभर सांगायचे, "आमाला नगा शिकवू."

पुढच्या पावसाळ्यात मेंढरं बसायची तेवढ्याच जागेत, लेंड्यांमधून बाभळीची रोपं उठली. शेंगा पचल्या होत्या, बिया नाही. आबा खूश. "बरं झालं, सावली हुईल!" मीही टाळ्या पिटल्या. काय अक्कल होती बापलेकींना!

नंतर पावसाचंच डोकं फिरलं. भर उन्हाळ्यात धो धो कोसळायचा, आणि आषाढ कोरडा ठणठणीत. ऊन तर साल दर साल चढतंच गेलं. आबा म्हणायचे, "गवताचं मूळ वरच्यावर, त्ये पावसाची वाट बघतं. हिचं मूळ पाताळात. हिला कुणाची गरज हाय?" गवत मागं सरलं, बाभूळ पुढं आली. मेंढरं विकत विकत अकरा उरली. मी सणसवाडीला कंपनीत लागले.

गेल्या साली आबा म्हणाले, "येवढी अकरा तरी मी मरंस्तवर माळावर चरू दे गं." मग काय, दर रविवारी मी कुऱ्हाड घेऊन हजर. दोघांनी मिळून एक तुकडा साफ केला. काटा चपलेतून आरपार जायचा. मी बाभळीला शिव्या घालायची आणि आबा हसायचे, "तुज्या तोंडाला भिऊन तरी वाळंल ती."

मे महिन्यातच पाऊस आला. आठवड्याभरात तुकड्यावर हिरवी लव. आबा खाली बसून तिच्यावर तळवा फिरवत राहिले. "पवन्याच हाय. मेला नव्हता बघ." मी देवाला नारळ बोलले.

मग पाऊस गेला तो गेलाच. लव पिवळी पडली, मग नुसती माती. आणि तोडलेल्या एकेका बुंध्यातून, पाण्याचा थेंब नसताना, गुडघाभर फुटवे! त्या पाल्याला मेंढरू तोंडसुद्धा लावत नाही.

श्रावणात अकराही मेंढरं मामांच्या कळपात धाडली. टेम्पोत चढवताना आबांनी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या रविवारी मी गेले तर आबा पटका बांधून ओट्यावर बसलेले. "चल, मला जरा माळावर ने," म्हणाले.

मी शिफ्ट करून आले होते, अंग ठणकत होतं. "कुठला माळ, आबा? माळ राहिलाय कुठं?" मी खेकसले.

"व्हय," एवढंच म्हणाले. पटका सोडला, नीट घडी घातली आणि आत गेले.

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आता दर रविवारी मीच विचारते, "आबा, जायचं का माळावर?"

ते शांतपणे म्हणतात, "कशाला? तूच म्हणालीस न्हवं, न्हाई राह्यला."